माहूरच्या वाटेवरची घडीची खोली

लग्नाच्या वर्षी आम्ही दोघं माहूरला गेलो होतो. रेणुकामातेच्या पायऱ्या उतरताना मी मनातल्या मनात तिला सांगितलं होतं, लेकरू झालं की त्याला घेऊन येईन. पुढे मुलगी झाली. नाव रेणुकाच ठेवलं, घरात रेणू. आज ती पंचविशी ओलांडून गेली आहे, आणि एवढ्या वर्षांत मला तिला घेऊन माहूरची वाट धरता आली नव्हती. दर नवरात्रात आमच्या दुसरबीडहून गाड्या भरून माणसं जात. येताना कुणी ना कुणी माझ्यासाठी कुंकवाची पुडी आणत. ती मी रेणूच्या कपाळाला लावायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायची. देवीला माझी आठवणच नसेल का, अशी शंका तेव्हा मनात यायची. आज लिहितानाही ती शंका मला लपवावीशी वाटत नाही.

रेणू बोलत नाही. खुशीत असली की एकाच सुरात गुणगुणते, आणि भ्याली की तोच सूर चढत चढत किंकाळी होतो. तिला तिची खोली लागते, खिडकीशेजारची तिची गादी लागते, पडदा तोच लागतो. लहानपणी एकदा मेहकरला माझ्या भावाकडे मुक्कामाला नेलं, तर बिचारीनं रडून रडून घसा बसवून घेतला आणि भिंतीवर डोकं आपटलं. त्यानंतर आम्ही तिला परगावी नेलं नाही. लग्न असो की मयत, दोघांपैकी एकानं जायचं आणि एकानं घरी थांबायचं. लोक जोडीनं जेवायला बसलेले पाहिले की मला आमचंच नवल वाटायचं. संसार दोघांचा, पण उंबऱ्याबाहेर आम्ही कायम एकेकटे.

माझ्या यजमानांचं रस्त्याला लागून पाइप आणि तुषार सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली, तेव्हा जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी मी चाळिशीनंतर जीप शिकले. मी ब्लाउज शिवणारी बाई. शिलाई मशीन सोडून दुसरं काही चालवीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एक दिवस दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं त्यांना सांगितलं, की संभाजीनगरला एका निवृत्त जोडप्याकडे घडीची गाडी आहे. जीपच्या मागं ओढायची, पाहिजे तिथं थांबवायची आणि उघडली की कापडाची खोली तयार. वय झाल्यामुळे ते दोघं ती विकायला काढत होते.

त्या दिवशी यजमान जेवायला बसले आणि ताटाला हात न लावता म्हणाले, "रेणू खोली सोडून येत नाही न? मंग खोलीच सोबत नेली तं?"

मी हसले. मग हसू थांबलं आणि मला एकदम रडू आलं.

ती गाडी म्हणजे दिसायला मोठी पत्र्याची पेटी. दोन चाकं, पुढे लांब दांडी, दांडीच्या टोकाला लोखंडी वाटी. जीपच्या मागं बसवलेल्या गोळ्यावर ती वाटी बसवायची, खटका लावायचा, साखळी अडकवायची, दिव्यांची वायर जोडायची. उघडताना आधी चाकं हलू नयेत म्हणून त्यांना दगडाची उटी लावायची, मग चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, मग हँडल फिरवून छत वर न्यायचं आणि दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर ओढायचे. दिरांना घेऊन मी ती आणायला संभाजीनगरला गेले, तेव्हा त्या घरच्या बाईंनी मला हे सगळं तीनदा करून दाखवलं, नंतर माझ्याकडून करून घेतलं. निरोप देताना त्यांनी पेटीवरून हात फिरवला. लेक सासरी पाठवताना फिरवतात तसा.

गावात मात्र गंमत झाली. "सर्कस आली का हो?" कुणी विचारी. कुणी म्हणे, "मंडप डेकोरेशन टाकून राह्यले का?" सोयाबीन निघाल्यावर दिरांचं वावर मोकळं झालं, तिथं माझी शिकवणी सुरू झाली. पुढे ओढणं सोपं होतं. वळणावर जरा मोठा घेर घ्यायचा, ब्रेक आधीपासून हळूहळू दाबायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मागं घेणं मात्र मला काही केल्या जमेना. जीप एकीकडे जाई, पेटी भलतीकडे.

"पेटी डावीकडं न्यायची तं स्टेअरिंग उजवीकडं फिरव," यजमान बांधावर उभे राहून आवाजाच्या अंदाजानं सांगत.

"उजवीकडंच फिरवलं न मी!"

"मंग पेटी उजवीकडं काऊन गेली?"

"मले काय मालूम! तिलेच विचारा."

रेणू लांब उभी राहून हे पाही. तिच्या खोलीच्या पडद्याचा तागा गावातल्या दुकानात अजून होता. त्याचे मी गाडीला पडदे शिवले आणि तिची गादी आत टाकली. रोज दुपारी अंगणात गाडी उघडून ठेवायची आणि तिला काही म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलं. पुष्कळ दिवस ती दाराशी येऊन परत फिरायची. एका दुपारी मी बटणं टाचत बसले होते, तर गुणगुण जरा लांबून ऐकू आली. जाऊन पाहिलं तर रेणू आत आडवी झाली होती आणि पडद्याची कड बोटाला गुंडाळत होती. मी यजमानांना हाक मारायलाही धजावले नाही. तिथंच दारात मातीवर बसून राहिले.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. मेहकर, वाशीम, पुसद. रेणू मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसली होती आणि गुणगुणत होती. मी सारखी आरशात एकदा तिला, एकदा मागची पेटी पाहत होते. माहूर थोडंच राहिलं असताना रस्त्याचं काम लागलं. बाजूनं जायचा बाण होता, तो पाहून मी वळले, पण कुठंतरी चुकले. वाट अरुंद होत गेली आणि शेवटी एका वावरात जाऊन संपली. दोन्ही बाजूंना उभी तूर, एका अंगाला दगडांचा बांध, एका अंगाला पाण्याची खोल चारी. पुढे रस्ता नाही, आणि मागं घेणं तर मला येत नव्हतं.

तरी मी प्रयत्न केला. पेटी तिरपी झाली आणि तिचं एक चाक चारीच्या काठावर गेलं. यजमान खाली उतरून हातानं चाचपडत होते, मला ओरडून सांगत होते, मला ते काही कळत नव्हतं. त्यात रेणूचा सूर चढू लागला. ती काचेवर तळहात मारू लागली. दिवस कलत आला होता. समोर, तुरीच्या शेंड्यांवरून माहूरचा डोंगर दिसत होता. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, आई, इतक्या जवळ आणलंस आणि इथं अडकवलंस? जवळ घ्यायचं नव्हतं तर वाट कशाला दाखवलीस? तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, राग होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय झालं वं बाई? इकडं कुटं शिरल्या?"

डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली, माझ्याच वयाची बाई होती. तिचं नाव कमलबाई, हे नंतर कळलं. वावर तिचंच. मी काही बोलायच्या आत तिची नजर रेणूकडे गेली. तिनं भारा खाली टाकला आणि जीपपासून जरा अंतरावर बांधावर बसली. रेणूकडे तिनं पाहिलं नाही, तिला हाकही मारली नाही. पायाशी पाहत ती रेणूच्याच सुरात गुणगुणू लागली, पण खालच्या पट्टीत. रेणूचा हात काचेवर थांबला. थोड्या वेळानं तिचाही सूर उतरला.

"तुमाले कसं माहीत?" मी विचारलं.

"माही ननद अशीच होती," ती म्हणाली. "जलमभर आमच्यापाशीच राह्यली. यंदा चैतात गेली." मग उठून लुगडं झटकत म्हणाली, "आता रातीचं कुटं जाता? घरापुढं खळं हाये. तिथंच ऱ्हा."

पण गाडी खळ्यापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न होताच. यजमान पेटीला टेकून उभे होते, ते एकदम हसायला लागले. म्हणाले, "अवं, जीपपासून सोडली तं ती नुसती हातगाडी हाय! आपुन तिले मागं घ्यायलेच काऊन बसलो?" कमलबाईंचे मालक आणि धाकटे दीर आले. मी खटका उघडला, साखळी काढली, सगळ्यांनी मिळून पेटी हातानं फिरवली आणि ढकलत खळ्यात नेली. मागून एकटी जीप मी सहज बाहेर काढली. पेटीच्या पायांखाली चपटे दगड लावून ती समपातळीत आणली, छत वर नेलं, पलंग ओढले. रेणू आपणहून आत गेली आणि झोपली. सकाळी कोंबडा आरवला तेव्हा मला जाग आली, आणि ध्यानात आलं की ती रात्रभर एकदाही उठली नव्हती. परक्या गावात शांतपणे सरलेली तिची ती पहिली रात्र.

सकाळी मात्र रेणू जीपमध्ये बसेना. चपला घालायला गेले तर तिनं पाय आखडून घेतले. यजमान म्हणाले, "तू जाऊन ये. मी थांबतो हिच्यापाशी." नेहमीचंच वाक्य. मी मान हलवली आणि ओटी बांधायला घेतली.

कमलबाई चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "दोघं जोडीनं जा न. मी बसतो पोरीपाशी."

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. काल भेटलेल्या बाईच्या हाती रेणू सोपवायची? जिला सख्ख्या भावाच्या घरीही कधी एकटी ठेवली नाही, ती? आणि जिला घेऊन येईन म्हणाले, तिलाच खाली ठेवून मी वर कोणत्या तोंडानं जाऊ? मी यजमानांकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, पण ते म्हणाले, "देवीच्या दारात आलो आपुन. आता तरी सोड."

आम्ही गेलो. पायऱ्यांवर त्यांनी माझा हात धरला होता. प्रत्येक पायरीला मला मागं फिरावंसं वाटत होतं. गाभाऱ्यासमोर ते म्हणाले, "मले नुसतं लाल लाल दिसते. तू सांग." मी सांगितलं, की शेंदराचा भव्य मुखवटा आहे, डोळे मोठे आहेत, मुखात विडा आहे, आणि ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. एवढ्या वर्षांचं साठलेलं किती मागायचं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आई, ती खाली आहे." मागचे लोक पुढे सरकले, तांबुलाचा प्रसाद हातात आला आणि आम्ही बाहेर पडलो.

खाली येईस्तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. खळ्यात पाहिलं तर पोत्यावर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या. पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग. कमलबाई शेंग फोडून देत होत्या, रेणू दाणे वेगळे करत होती आणि गुणगुणत होती. मी आले तरी ती उठली नाही. काळजात बारीकशी कळ आली, आणि तेवढंच हलकंही वाटलं. मी थोडा तांबुल तिच्यापुढे धरला. ती तोंडात काही नवं घेत नाही. तिनं तोंड उघडलं.

कमलबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "ननद गेल्यापासून माह्याजवळ असं कोनी बसलं नोतं वं," म्हणाल्या. "तुमची वाट चुकली, बरं झालं."

मला देवी भेटली की बाई, हे मी ठरवत नाही. त्या तूर पेरणाऱ्या, नणदेच्या आठवणीनं रडणाऱ्या बाई होत्या, आणि त्यांच्या दारात मला जे मिळालं ते मागण्याची अक्कल मला कधीच नव्हती. रेणू पायऱ्या चढली नाही. कधी चढेल, की कधीच नाही, हे आता मी तिच्यावर सोडलं आहे, जिच्या त्या पायऱ्या आहेत. मी घट्ट धरून ठेवलं होतं तोवर काही हललं नव्हतं. हात सैल केला तेव्हा तो धरायला कुणीतरी तिथं होतं, एवढं मला कळलं. त्याबद्दल तिला रोज हात जोडते.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. परत आल्यावर आठवडाभरानं मी सकाळी अंगण झाडत होते. रेणू घरातून आली, मला ओलांडून गेली, जीपचं मागचं दार स्वतः उघडलं आणि आत जाऊन बसली. खिडकीला नाक लावलं आणि गुणगुणायला लागली. आता बहुतेक सकाळी ती असंच करते. ओढ फक्त मलाच आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.