प्रायश्चित्ताची पंगत

त्या वकिलाचा चेहरा आठवला की आजही तोंड कडू होतं. पंचांपुढे दुसऱ्याची बाजू मांडणं हा त्याचा धंदा. एका वाटणीच्या भांडणात त्याने बेलभंडार उचलून खोटी शपथ घेतली, ती उघडकीस आली आणि गुन्हा शाबीत झाला. यापुढे पंचांसमोर उभं राहायचं नाही, असा हुकूम सुटला. चला, एक घाण गेली, असं मला वाटलं.

कसली जाते! वर्षाच्या आत शास्त्र्यांनी त्याला प्रायश्चित्त दिलं. मुठेच्या काठी मुंडन झालं, पंचगव्य पिऊन झालं आणि कसब्यात पंगत बसली. शास्त्री जेवले, पंच जेवले, आमचे वडीलही जेवून आले आणि बासुंदीचं कौतुक करत आडवे झाले. माझी विधवा बहीण तेवढी गेली नव्हती. तिला पंगतीत कोण बोलावणार? पंगतीत घेतला म्हणजे माणूस शुद्ध, आणि शुद्ध झाला म्हणजे धंद्यालाही मोकळा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

बहिणीला नवऱ्याच्या वाटणीच्या, नारायण पेठेतल्या दोन खोल्या एवढाच आसरा. पुढे तिच्या दिराने फिर्याद नेली, की भावाने मरण्यापूर्वी आपला हिस्सा तोंडी सोडला होता. त्याचा वकील हाच, साक्षीदारही हाच. त्याने पुन्हा बेलभंडार उचलला, त्याच हाताने.

मी म्हणालो, "अहो, यांची शपथ एकदा खोटी ठरली आहे."

वडीलधारे पंच शांतपणे म्हणाले, "त्यांचं प्रायश्चित्त झालं आहे. आम्ही त्यांच्या पंगतीला जेवलो. आता आपण त्यांना खोटं म्हणणार, तर आम्ही काय विटाळ खाल्ला?"

स्वतःचं जेवण शुद्ध राहावं म्हणून त्यांनी माझ्या बहिणीचं घर घालवलं, आणि वर त्याला न्याय म्हणाले. किळस येते ती याचीच.

निकालानंतर जिंकणाऱ्याने साखर वाटायची रीत. दिराच्या वतीने वकीलच वाटत फिरला. बहीण दाराआड उभी होती, तिच्याही पुढे त्याने साखरेची वाटी धरली. "राग नसावा," म्हणाला.

तिने पदराखालचा हात बाहेर काढला नाही.

"आपण शुद्ध झालात ते जेवणाऱ्यांपुरते," ती म्हणाली. "मी त्या पंगतीला नव्हते."