कागदाच्या गाठीतली चांदणी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण निवता निवता ‘टक्’ वाजतं आणि दुपारची शांतता मोडते. जुई निजली आहे. तिच्या पाठीवरचा हात काढून कपड्यांच्या घड्या घालाव्यात, असं विदुलाच्या मनात येतं. पण हात जड होतो, डोळे मिटतात.

“सरक की जरा. बसू दे,” शालनमावशी म्हणते.

मावशी शाळेत भूमिती शिकवायची. आई गेल्यावर विदुलाला तिनंच वाढवलं, आणि जुई पोटात असतानाच ती गेली. आता ती एसटीच्या खिडकीशी बसली आहे आणि बाहेर विदुलाचा ओटा मागे मागे पळतो आहे. मावशी वर्तमानपत्राची कोरी कड फाडते, त्या पट्टीची साधी गाठ मारते, हलकेच ओढून नखानं दाबते. पंचकोन. पाचही बाजू सारख्या.

“मला कधी जमलं नाही हे,” विदुला म्हणते.

“कसं जमेल? करकचून आवळायचीस. कागद आहे तो, परकराची नाडी नव्हे.”

मावशी उठते आणि कंडक्टरमागच्या फळ्यावर पंचकोनाचे कोपरे एक सोडून एक जोडते. चांदणी. चांदणीच्या पोटात उलटा पंचकोन, त्यात पुन्हा चांदणी. खडू संपत येतो, चांदण्या काही संपत नाहीत.

विदुलाला घाई होते. इतकी वर्षं सांगायचं राहिलेलं आहे. “मावशी, तू माझ्यासाठी जे...”

“आभार परक्यांचे मानतात गं. पोरगी दाखव.”

विदुला बाजूला होते. फळ्याखाली जुई निजली आहे, तोंड उघडं टाकून. मावशी वाकून बघत राहते, बघतच राहते. मग गाठ विदुलाच्या मुठीत देते.

“हिचं शेपूट दुमडायचं राहिलं.” शेपूट मागे वळवल्याशिवाय उजेडात चांदणीची पाचवी रेघ दिसत नाही, हे विदुलाला पक्कं ठाऊक आहे.

“राहू दे. ते तिचं काम.”

विदुला जागी होते. मुठीत गाठ, शेपूट लोंबतं आहे. उशाशी पडलेल्या वर्तमानपत्राची कड फाटलेली. रडू येत नाही. माहेरी जेवून उठल्यासारखं तृप्त वाटतं.

जुई डोळे चोळत उठते. विदुला जुईच्याच बोटांनी शेपूट मागे वळवून घेते आणि गाठ खिडकीशी धरते. पाचही रेघा उमटतात.

“कुणी केली?”

“माझ्या मावशीनं. तुला बघायला आली होती.”

जुई उजेडातल्या चांदणीवरची नजर न काढता विचारते, “मग तिनं मला उठवलं का नाही?”