हवालदारकाकांचं गारेगार

"जबरदस्ती न्हाई करायची. ते आपल्या मर्जीनं भाईर येतंय," असं म्हणत हवालदारकाका पत्र्याची गारठलेली नळी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवत राहायचे. तळवे लालबुंद व्हायचे. मग काडी हलकेच ओढली की आंब्याचं पिवळंधमक गारेगार बाहेर यायचं, आणि साठीला टेकलेला तो मिशीवाला गडी लहान पोरासारखा हसायचा.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सांगलीत शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते आणि काका-काकू माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. काका फौजेत हवालदार, पण सगळी नोकरी भटारखान्यात गेलेली. चाळीतले लोक चेष्टा करायचे, "काका, लढाईत बंदूक धरली का पळी?"

"पळीच की. पर बंदूकवाले सकाळी उठून आधी माझ्याच तोंडाकडं बघायचे!"

काकूंच्या गळ्यात गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. भाकरी सोडाच, पेजसुद्धा गिळवत नव्हती. एकदा बर्फाचा खडा चोखताना चार थेंब घशाखाली उतरले, ते काकांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खोलीत गारेगारचा कारखाना सुरू झाला.

फ्रिज आमच्यापैकी कुणी पाहिलासुद्धा नव्हता. काका भर उन्हात सायकलवरून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणत. बादलीत तो फोडून त्यावर जाडं मीठ टाकत आणि रसानं भरलेल्या नळ्या त्यात उभ्या करत. कधी द्राक्षं, कधी कलिंगड, पुढे आंबा. रस फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळत. मी म्हणायची, "काका, पुरे आता, फडकं फाटेल." तर म्हणत, "एक शीर ऱ्हायली तर टोचंल तिला."

तुम्ही त्यांना त्या बादलीपाशी उकिडवे बसलेले पाहिलं असतंत, तर तुम्हालाही वाटलं असतं की ही बाई बरी होणार. मला तर खात्रीच होती.

एका दुपारी काकूंनी अर्धंच चोखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. काका हिरमुसले. बादलीतलं दुसरं गारेगार काढून त्यांनी मला दिलं, "घ्या बाई, हिला आज नगं झालंय."

मी जिभेला लावलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे फटकन बोलून गेले, "काका, हे खारट आहे!"

त्यांनी एकेक नळी उजेडात धरली. सगळ्यांच्या बुडाच्या जोडाचा कथलाचा डाग सुटला होता. बादलीतलं मिठाचं पाणी आत झिरपत होतं, आणि ते त्या सोललेल्या घशात जात होतं.

"कवापासनं?" काकांनी विचारलं.

"चार-पाच दिस झालं." काकूंचा आवाज आता श्वासाएवढाच उरला होता.

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर तुमी हातावर हात धरून बसला असता."

मला रागच आला. "काका, एकदा चाखून नाही का पाहायचं?"

ते खाली बघत म्हणाले, "गावच्या देवीला बोललोय बाई. ही भाकरी खाईल, तवाच मी फळाला तोंड लावीन."

मी माझ्या खोलीत जाऊन रडले. राग तर होताच, पण कुणावर करायचा तेच कळेना.

काकांनी नव्या नळ्या करून आणल्या. आता रस चाखायचं काम माझ्याकडे आलं. पण तोवर उशीर झाला होता. काका गारेगार काकूंच्या ओठांना लावत, रस विरघळून तोंडाच्या कडेनं उशीवर ओघळे, आणि ते सदऱ्याच्या बाहीनं पुसत म्हणत, "गिळ की गं. आज गोड हाय. बाईंनी बघितलंय."

आंबे संपायच्या आतच काकू गेल्या.

तेराव्याला गावाकडची माणसं आली होती. पानात आमरसाची वाटी होती. काकांनी ती हळूच बाजूला सरकवली. भावकीतल्या कुणाला काही कळलं नाही, मला कळलं. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "काका, घ्या आता. नवस संपला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत शिकवणाऱ्या बाईला एवढं साधं कळू नये, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"कसा संपंल, बाई? तिनं अजून भाकरी कुठं खाल्लीया?"