क्लच आणि गुडघा

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळी नऊ. गुढियारीतल्या गॅरेजात हजर: आम्ही चार जीपवाले आणि मेकॅनिक. येत्या शनिवारी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर निघायचं आहे. नेहमीप्रमाणे सर्वांत पुढे माझी जीप.

मेकॅनिक डोळे मिटून इंजिन ऐकतो आणि काहीही विचारलं तरी नुसतं "हव", म्हणजे हो, म्हणतो. मी विचारलं, "माझा क्लच चढावर टिकेल ना?" त्यानं बोनेट खाली घेतलं. बाकीचे चहाला गेल्यावर हळूच म्हणाला, "ताई, क्लच चांगला आहे. पण डावा गुडघा काहून लपवून राहिल्या? दार धरून उतरता तुम्ही."

घरी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यानं फडक्यानं स्टूल पुसून माझ्याकडे सरकवलं. मी बसले.

सर्वांत पुढची जीप कोण चालवणार, ते शनिवारच्या यादीत अजून लिहायचं आहे.