हद्दीपलीकडची पोर

“मी तर येडीच शे, वकीलभाऊ, पन तुम्ही मन्हापेक्षा येडा दिसतस.”

माझ्या पहिल्या पक्षकाराने मला दिलेलं हे प्रशस्तिपत्र. असं म्हणताना ती पदराने आधी स्वतःचं कपाळ पुसायची आणि मग माझ्या टेबलावरची धूळ. नंदुरबारला मी नुकती वकिली सुरू केली होती. धुळीला तिथे निवांत मुक्काम करता येत असे.

ती धानोऱ्याची. नवरा तापाने गेलेला. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला दिराने जत्रा दाखवतो म्हणून नेलं, ते थेट आपल्या सासुरवाडीला, सोनगढला. परत आणलंच नाही. तिथल्या कुणा बिजवराशी मुलीचं लग्न लावून देण्याचा त्याचा बेत होता. सोनगढ तसं जवळ. पण नवापूर ओलांडलं की इंग्रजी अंमल संपून गायकवाडी सुरू व्हायची. कायद्याच्या दृष्टीने तो परदेशच.

हे वकिलाला ठाऊक असायला हवं, असं तुम्ही म्हणाल. मला ते ऐकून ठाऊक होतं. धुळ्याच्या कोर्टातून मी पालकत्वाचा हुकूम मिळवला, काळा कोट चढवला, पगडी बांधली आणि तिला घेऊन सोनगढच्या ठाण्यावर दाखल झालो. सबंध हुकूम इंग्रजीत, खड्या आवाजात वाचून दाखवला. फौजदाराने शांतपणे ऐकला, चहा पाजला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, बहु सरस वांच्युं. पण आ हुकम नवापूर सुधीज चाले.” म्हणजे माझ्या हुकमाची हद्द नवापूरलाच संपत होती.

बाहेर आल्यावर वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, “चहा चांगला व्हता. आते ह्या सरकारनं दार कोठे शे, ते सांगा.”

ते दार नवसारीला होतं. नव्याने दावा लावला. तिथे मला उभं राहायची मुभा नव्हती. तिथलाच एक वकील केला आणि मी मागच्या बाकावर बसून गंभीर चेहरा करण्याचं काम पत्करलं. दीर तारखेला यायचा, मुलीला आणायचा नाही. ही मात्र प्रत्येक तारखेला भाकरी बांधून गाडीत बसायची आणि डब्यातल्या बायकांकडून गुजराती शिकायची. एकदा तिचं गुजराती ऐकून कोर्टाचा कारकून हसला. तीही हसली. “मन्ही गुजराती ऐकीसन बैल बी हासतीन,” म्हणाली.

शेवटी न्यायाधीशांनी सक्त ताकीद दिली, तेव्हा मुलीला उभं केलं गेलं. ती आता नऊ वर्षांची झाली होती.

“आ कोण छे?” न्यायाधीशांनी आईकडे बोट दाखवून विचारलं.

“खबर नथी. मारी बा तो मरी गई.” आई मेली, असंच तिला सांगून ठेवलेलं.

“साहेब, मी मरेल नही,” आई म्हणाली. मुलगी भेदरली आणि वेणीचं टोक चघळू लागली. तशी ही एकदम कडाडली, “वेणी तोंडम्हाईन काढ!”

मुलीने झटकन वेणी काढली. मग कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. ही दटावणी तिच्या ओळखीची असावी. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. माझा गंभीर चेहरा तर कधीच ढासळला होता. मी पगडी सावरण्याच्या निमित्ताने खाली वाकलो.

मुलगी तिला मिळाली. पुढे शाळा शिकून, वयात आल्यावर शहाद्याला दिली. आता आईला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली.

मला ती आठवते नवसारीहून सुरतेमार्गे परतणाऱ्या गाडीत. तिने बोचक्यातून एक नवा परकर काढला, मुलीला लावून पाहिला, तर तो जेमतेम गुडघ्यापर्यंत आला. नेली तेव्हाच्याच मापाचा शिवला होता. मुलीच्या उघड्या पायांकडे ती क्षणभर बघत बसली.

“देखा, पोर मोठी व्हयनी, हाई मन्हा ध्यानमाच उनं नही!” ती स्वतःलाच हसली, आणि मुलगीही हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

मग तिने परकराची खालची दुमड दाताने उसवायला घेतली. नंदुरबार येईपर्यंत ती एकेक टाका तोडत होती, आणि मुलगी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.