विशाखाचं गाणं

विशाखाला तेव्हा सगळे संघपाल म्हणत. शेषेरावच्या ऑर्केस्ट्रात ती नाचायची, अन् तिचा नाच कायम शेवटी असायचा. गाणं संपता संपता शेषेराव मंचावर यायचा, तिचा केसांचा टोप ओढायचा आणि माईकवर सांगायचा, "बघा मंडळी, गडी हाय." लोक शिट्ट्या मारायचे. ती हसून हात जोडायची, मात्र आत गेल्यावर जिवाची नुसती तगमग व्हायची. जळकोटला घरी चार दिवस झाले की पाय वळवळायचे. मग अहमदपूर, तिथून नांदेड. खोल्या बदलल्या, थारा कुठंच लागला नाही.

शेवटी तिनं केस वाढवले, नांदेडात डॉक्टरांचे उपचार सुरू केले आणि आईला सगळं सांगितलं. भामाबाई भाकरी थापत होती.

"नाव काय ठिवलंस?"

"विशाखा."

"विहारात बुद्धाच्या गोष्टीत ऐकलंय. लई दान करणारी होती." तिनं भाकरी तव्यात टाकली. "बापाला मी सांगते. तू मदी पडू नगं."

बाप व्यंकटीनं ऐकलं आणि तिच्याशी बोलणंच सोडलं.

शेषेराव म्हणाला, "केस काप. न्हाईतर वर टोप घाल. लोक त्याच्यासाठीच येतेत."

ती नाही म्हणाली. हिमायतनगरच्या कार्यक्रमात त्यानं तरीही तिच्या डोक्याला हात घातला आणि खरे केस ओढले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, टोप अडकलाय. हशा पिकला. विशाखानं त्याचं मनगट धरून बाजूला केलं, माईक घेतला.

"केस माझे हायत. नाव विशाखा. अन् गाणं अजून संपलं न्हाई."

कीबोर्डवाला वैजनाथ मालकाकडं बघत राहिला. मग त्यानं सूर धरला. काही लोक उठून गेले, उरलेल्यांसाठी ती नाचली.

दुसऱ्या दिवशी शेषेरावनं तिला काढलं. बरेच महिने कुणी बोलावलं नाही. लग्नघरी मेंदी काढत ती गावोगाव फिरली. मग तिच्यासारखीच मंजुश्री भेटली. वैजनाथही येऊन मिळाला, अन् तिघांनी अहमदपुरात आपला कार्यक्रम लावला. विशाखा त्यात पाटील व्हायची, पाटलीणही तीच; दोघांचं भांडण एकटीच रंगवायची.

भामाबाई बघायला आली होती. पुढच्या खेपेला विशाखा घरी गेली तेव्हा आई हळूच म्हणाली, "तुझा बाप इचारत होता, माणसं किती होती म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"मांडव भरला होता म्हणलं."

मागच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. ओसरीवर व्यंकटी खाकरला. विशाखा उठली, बसली, पुन्हा उठली आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरू लागली.