शौकतभाईंचा शेरा

शहाद्याच्या पंचक्रोशीत कुणाला खडी-गोट्याची खाण काढायची असली, की तो आधी शौकतभाईंचं दार गाठायचा. मोजणी, ग्रामसभेचा ठराव, खाणकामाचा आराखडा, सगळी फाईल ते बांधून देत. जमीन पायाखाली घातल्याशिवाय आराखडा पक्का करायचा नाही, हा त्यांचा नेम. पंचविशीत ते सरकारी मोजणीदाराच्या हाताखाली रोजंदारीवर मोजणीची साखळी ओढायचे. हे वळण तिथलंच, असं ते अभिमानाने सांगत.

गेल्या हिवाळ्यात महावीरशेठ आले. घराणं मूळचं मारवाडातलं, शहाद्यात तीन पिढ्या सिमेंट-लोखंडाचं दुकान. गोमाई नदीच्या पलीकडच्या काठावर सरकारी पडीक गट होता, वर हातभर माती आणि खाली निव्वळ गोटे. तो त्यांना खाणपट्ट्याने हवा होता. शौकतभाईंनी जुन्या नकाशावरून त्याचे पाच टप्पे कच्चे आखले. एका टप्प्यातले गोटे काढायचे, वरची माती राखून ठेवायची, खड्डा भरून सपाट करायचा आणि मगच पुढचा टप्पा उघडायचा. शेठना ते पटलं आणि अर्ज गेला.

मग नेमाप्रमाणे शौकतभाई गट चालायला निघाले. तीन टप्पे चालून झाले. चौथ्याकडे वळले, तर बाभळींच्या मागे घरं. कुडाच्या भिंती, वर कौलं, एकूण अकरा. नकाशावर तेवढी जागा कोरी होती. कुणीतरी अलीकडे येऊन बसलं असेल, असं त्यांना वाटलं. कधी आलात इथे, असं त्यांनी ओट्यावर तूर पाखडणाऱ्या बाईला विचारलं, तसं तिने हातातलं सूप खाली ठेवलं. तिचं नाव कालीबाई, वय चाळिशीच्या आसपास.

“मन्हा जलम आठलाच शे, भाऊ,” ती म्हणाली.

तिने आतून कागदांची पिशवी आणली. घरकुलाचा अर्ज तीनदा परत आला होता. प्रत्येक वेळी कारण एकच: दफ्तरी या गटात वस्ती नाही, सबब तुम्ही नवे अतिक्रमणदार.

हे कुणी लिहून ठेवलं, ते बघायला शौकतभाईंनी दुसऱ्या दिवशी मोजणी कार्यालयात जाऊन जुन्या टिपणाची नक्कल काढली. १९९८चा ऑगस्ट. मोजणीदाराच्या वळणदार अक्षरात शेरा होता: “गट समक्ष पाहिला. वस्ती नाही.” खाली ‘पाहणारा’ म्हणून सही. तिच्यातला ‘क’ डावीकडे कललेला. आजही शौकतभाई तो तसाच काढत.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. खिडकीतला कारकून पाणी देऊ का म्हणून विचारत होता, ते त्यांच्या कानावर गेलंच नाही. नक्कल हातात घेऊन ते तिथल्याच बाकावर बसून राहिले.

ते सगळं साफ विसरले होते. गोमाईला पूर होता. मोजणीदार साहेब अलीकडे जीपमध्ये बसून होते आणि त्यांनी सांगितलं होतं, पलीकडे जाऊन बघून ये. शौकत काठापर्यंत गेला, पाण्याचा जोर बघून थबकला, अर्धा तास झाडाखाली उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, तिकडे कुणी नाही साहेब.

घरी मेहरुन्निसाला त्यांनी हे सांगितलं. तुम्हाला पोहता कुठे येत होतं, एवढंच ती म्हणाली. तिने समजूत घातली खरी, पण ते ताटावरून उठले.

सकाळी ते पुन्हा पलीकडे गेले. त्या पुराचं काही आठवतं का, असं कालीबाईला विचारलं. तिला आठवत होतं. ज्वारी वाहून गेली होती आणि समोरच्या काठावर एक माणूस दिसला. मदत आली असं समजून तिच्या बापाने डोक्याचं फडकं सोडून हलवलं. त्या माणसानेही हात हलवला आणि तो निघून गेला.

शौकतभाईंना आठवलं. पाण्यापलीकडे पांढरं काहीतरी फडफडलं होतं. त्यांनी हात वर केला होता.

“तो मीच व्हतू, बाई,” ते म्हणाले.

आजूबाजूची माणसं जमली होती. कुणी शिवी दिली नाही, हेच त्यांना सोसेना. कालीबाईने कागदांची पिशवी त्यांच्यापुढे धरली.

“मंग आते लिखशात का?” तिने विचारलं.

शौकतभाईंनी हे सगळं महावीरशेठना जाऊन सांगितलं. “शौकतभाई, तुमच्या त्याच कागदावर तर मी अर्ज केला,” ते म्हणाले. मग त्यांनी फाईल उचलली आणि नंदुरबारच्या दुसऱ्या माणसाकडे नेली. शौकतभाईंनी आपल्या नावाने प्रतिज्ञापत्र केलं: १९९८ साली मी पलीकडे गेलोच नव्हतो, शेरा खोटा आहे. सोबत अकरा घरांचं नवं मोजमाप जोडलं.

फेब्रुवारीत अधिकारी पाहणीला आले. त्यांनी घरं मोजली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. शेठना खाणपट्टा मिळाला तो पहिल्या तीनच टप्प्यांचा. वस्तीची जुनी म्हणून नोंद झाली, पण घरांच्या जागा नावावर व्हायचं प्रकरण अजून चालूच आहे. शेठ रस्त्यात भेटले तर मान वळवतात.

शौकतभाईंनी नवं काम घेणं थांबवलं आहे. साखळी ओढायच्या त्या वर्षांत आणखी सहा गटांच्या टिपणांवर त्यांची ‘पाहणारा’ म्हणून सही आहे. कुठे खरंच गेलो होतो आणि कुठे नाही, हे त्यांना आता सांगता येत नाही. म्हणून एकेका गावी जाऊन ते बघून येतात. दोन ठिकाणी सगळं कागदाप्रमाणे निघालं. तरी तिसऱ्या गावाच्या बसमध्ये चढण्याआधी त्यांनी टिपणाची नक्कल पुन्हा उलगडून आपली सही बघितली.